गारगोटीखालचं हिरवं: या चुका टाळा

दिवाळी झाली की प्रोजेक्टवाली पोरं येतात. ‘सर, दगडाखालचे सूक्ष्मजीव करायचेत.’ आठवड्यानं पिशवीभर काळे दगड घेऊन हजर! अरे, बेसॉल्टमधून उजेड जातो का? वाळवंट नामिबचं असो, अटाकामाचं असो की मोहावेचं, दगडाखालच्या सूक्ष्मजीवांची ही हिरवी वस्ती मुख्यतः गारगोटीसारख्या, उजेड झिरपू देणाऱ्या दगडाखाली सापडते. वरच्या उजेडाचा एखादा टक्का खाली पोचला तरी सायनोबॅक्टेरियाचं, म्हणजे उजेडावर अन्न बनवणाऱ्या या जीवाणूंचं, भागतं. कडक ऊन वरच अडतं आणि दव-पावसाची ओल खाली जास्त टिकते. सोलापूर काही वाळवंट नाही, पण आपल्या माळावर मुरमात पांढऱ्या गारगोट्या पडलेल्या असतात. त्या बघा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीच्या काळात मंगळवेढा रस्त्याकडच्या एका माळावर मला गारगोटीचा गोळा सापडला. खालची बाजू शेवाळासारखी हिरवीगार. मी हरखलो. दोन दिवसांत बारा स्लाइडी केल्या. एकाही स्लाइडीत पेशी दिसेना, नुसते मातकट हिरवे कण. मला वाटलं, सूक्ष्मदर्शकाचं भिंगच बिघडलं. शेवटी भूगर्भशास्त्रवाल्या मित्राला गोळा दाखवला. त्यानं नखानं खरवडून बघितलं, हसला आणि म्हणाला, ‘हा सेलाडोनाइट आहे रे.’ दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वायूचे बुडबुडे राहून जी पोकळी होते, तिच्या भिंतीला हे हिरवं खनिज धरतं. आत गारगोटी भरली की हिरवं साल तिलाच चिकटून येतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: हिरवं दिसलं की आधी सुईनं थोडं खरवडायचं, बिनरंगी स्पिरिटमध्ये टाकून रात्रभर अंधारात ठेवायचं. क्लोरोफिल असेल तर स्पिरिटला हिरवट छटा येते, खनिज तळाशी तसंच बसून राहतं. वस्ती दाट असेल तर हिरवा पट्टा मातीच्या रेषेच्या जरा खाली, दगडाच्या कडेनं दिसतो. म्हणून उचलण्याआधी ती रेषा पेन्सिलीनं आखा. मार्कर नको, स्पिरिट लागलं की पुसला जातो.

रिकामे दगड मोजा. हिरवे तेवढे लिहून बाकीचे सोडून देणाऱ्यांचा मला राग येतो. अटाकामाच्या सर्वांत कोरड्या पट्ट्यात शेकडो गारगोट्या उलटल्या तरी हिरवं क्वचितच मिळतं, आणि तिथला खरा निष्कर्ष तोच आहे. शेजारची उघडी माती तुलनेला घ्यायलाही विसरू नका.

आता नमुना वाढवायचा, तर न्यूट्रिएंट अगार हे जीवाणूंचं नेहमीचं माध्यम आणि ३७ अंश? दुसऱ्या दिवशी पांढऱ्या वसाहती दिसतील, पोरं खूश. ते सायनोबॅक्टेरिया नव्हेत. सायनोबॅक्टेरियासाठीचं बीजी-११ माध्यम घ्या, मंद उजेडात ठेवा आणि आठवडे, कधी महिने थांबा. ‘सर, लवकर वाढणारं काही नाही का?’ असं विचारणाऱ्यानं दह्यावर प्रोजेक्ट करावा.

नमुने गाडीच्या डिकीत, बंद प्लॅस्टिकमध्ये, सोलापूरच्या उन्हात ठेवू नका. आतल्या आत घाम येतो आणि बुरशी धरते. कागदी पाकीट वापरा.

नान्नजच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय एक खडाही उचलायचा नाही. आणि कुठल्याही माळावर दगड आपल्याकडची कड वर करून उघडू नका, पलीकडची कड स्वतःकडे ओढून उलटा. खाली इंगळी असली तर दगडाची आड राहते. फुरसंही असू शकतं. बघून झालं की दगड त्याच खळग्यात, तीच बाजू खाली करून ठेवा.