सीआरटीची डावी लीड: कोरोनरी सायनस शोधण्यापासून शीथ कापेपर्यंत

सीआरटी म्हणजे हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एकत्र आकुंचन पावावेत यासाठीचा पेसमेकर. त्यात तीन लीड, म्हणजे विजेच्या तारा, असतात. उजव्या बाजूच्या दोन नेहमीच्या पेसमेकरसारख्याच बसतात. कस लागतो तो डाव्या लीडला. कोरोनरी सायनसमधून (हृदयाच्या स्नायूतलं रक्त उजव्या कर्णिकेत आणणारी मोठी शीर) हृदयाच्या बाहेरच्या अंगाने जाणाऱ्या एखाद्या शिरेत ती सरकवायची असते, आणि ती कुठे टेकली यावर रुग्णाचा दम कमी होणार की नाही हे बरंचसं ठरतं. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॅथलॅबमध्ये या केसला नव्याने उभे राहणारे डॉक्टर, टेक्निशियन आणि सिस्टर यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे.

रुग्ण नीट निवडलेला असावा. ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ३५ टक्के किंवा कमी, सायनस ऱ्हिदम (हृदयाची नैसर्गिक लय), एलबीबीबी (डाव्या विद्युतवाटेतला अडथळा), क्यूआरएस (ईसीजीतल्या खालच्या कप्प्यांच्या लहरीची रुंदी) १५० मिलिसेकंद किंवा जास्त आणि योग्य औषधं किमान तीन महिने घेऊनही त्रास कायम, अशांना सर्वाधिक फायदा होतो. क्यूआरएस १३० च्या खाली असेल तर नुसत्या हार्ट फेल्युअरसाठी सीआरटी बसवू नये. २०१३ च्या एको-सीआरटी चाचणीत अशा रुग्णांमध्ये मृत्यू वाढलेले दिसले.

मुरबाड, शहापूर, उरणकडचा रुग्ण आदल्या संध्याकाळीच दाखल करून घ्यावा, म्हणजे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) हातात असतात. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर ते थांबवून हेपरिन देण्याची सवय सोडावी: २०१३ च्या ब्रुइज कंट्रोल चाचणीत हेपरिन दिलेल्यांपैकी १६ टक्के रुग्णांच्या पॉकेटमध्ये (त्वचेखाली मशीन ठेवायची जागा) लक्षणीय रक्त साठलं, वॉर्फरिन चालू ठेवलेल्यांत ३.५ टक्के. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक छेद घेण्याआधीच्या तासाभरात जायला हवं. कंपनीच्या इंजिनिअरकडून वेगवेगळ्या वळणांच्या शीथ (लीड आत नेणाऱ्या पोकळ नळ्या), सबसिलेक्टर (फाट्याच्या शिरेत शिरणारी बारीक नळी), ऑक्लूजन बलून (सायनस क्षणभर बंद करून डाय शिरांत भरणारा फुगा) आणि वेगवेगळ्या आकारांच्या चार पोलच्या लीड आधीच मोजून घ्याव्यात. केस अर्ध्यावर असताना ऐरोली पुलापलीकडून सामान मागवायची वेळ येऊ नये.

उजव्या खालच्या कप्प्यातली लीड आधी बसवावी. एलबीबीबीच्या रुग्णाची उजवी वाट तेवढीच शाबूत असते. शीथचा धक्का तिला लागला तर पूर्ण ब्लॉक होतो आणि त्या क्षणी पेसिंग तयार असावं लागतं.

आता कोरोनरी सायनस. एलएओ (डावीकडचा तिरका एक्स-रे कोन) ३० ते ४० अंशांत शीथ वायरवरून उजव्या खालच्या कप्प्यात न्यावी आणि घड्याळाच्या उलट दिशेने पीळ देत हळूहळू मागे ओढावी. टोक मागच्या बाजूला वळतं आणि सायनसच्या मुखाशी येतं. आतून ईपी कॅथेटर (हृदयातले विद्युत सिग्नल टिपणारी नळी) पुढे सरकवावा. तो मणक्याच्या छायेवरून डाव्या खांद्याकडे गेला आणि सिग्नलमध्ये ए (वरच्या कप्प्याचा) व व्ही (खालच्या कप्प्याचा) दोन्ही दिसले, तर जागा बरोबर. एक्टोपिक (मध्येच पडणारे जादा) ठोके पडू लागले आणि फक्त व्ही दिसत असेल, तर टोक आरव्हीओटीमध्ये (उजव्या खालच्या कप्प्याच्या बाहेर जाणाऱ्या मार्गात) आहे. उजवी कर्णिका फुगलेली असेल तर मुख अपेक्षित ठिकाणी सापडत नाही, तिथे मोठ्या वळणाची शीथ लागते. तरीही सापडेना तर डाव्या कोरोनरी धमनीत डाय (एक्स-रेवर दिसणारा द्रव) देऊन शॉट लांबवावा. शेवटी शिरा भरतात आणि सायनसचं मुख स्क्रीनवर दिसतं.

बलून फुगवण्याआधी थोडा डाय सोडून टोक मोकळं आहे याची खात्री करावी. भिंतीला टेकलेल्या टोकातून जोरात डाय दिला की सायनस फाटतो. सलाइनने निम्मा पातळ केलेला ५ ते १० मिली डाय पुरतो. शॉट दोन कोनांत हवेत. एलएओमध्ये घड्याळासारखं बघितलं तर ३ ते ५ वाजण्याच्या जागेतली शीर आपल्याला हवी असते, लॅटरल किंवा पोस्टेरोलॅटरल. आरएओ (उजवीकडचा तिरका कोन) ३० मध्ये हृदयाचा पाया, मध्य आणि टोक हे तीन भाग कळतात. टोकाचा भाग टाळावा. मॅडिट-सीआरटी चाचणीच्या विश्लेषणात टोकाशी बसलेल्या लीडचे निकाल वाईट आले होते. पुढच्या अँटिरियर शिरेत लीड सहज जाते, म्हणून तिथेच ठेवून केस संपवणं आम्हाला मान्य नाही. चांगली शीर मिळत नसेल तर लेफ्ट बंडल पेसिंगचा (हृदयाच्या डाव्या विद्युतवाटेलाच पेस करण्याचा) किंवा सर्जनकडून बाहेरून लीड लावण्याचा विचार त्याच टेबलावर सुरू करावा.

शिरेत ०.०१४ इंची वायर आधी खोल न्यावी, मग तिच्यावरून लीड. लीड वळणावर अडली की ढकलू नये. सबसिलेक्टरने शिरेचं तोंड पकडावं किंवा शेजारी दुसरी वायर टाकावी.

लीड टेकली की मोजमाप. सिग्नलच्या आलेखाचा स्पीड १०० मिलिमीटर प्रतिसेकंद ठेवून क्यूआरएसच्या सुरुवातीपासून डाव्या लीडच्या सिग्नलपर्यंतचं अंतर, म्हणजे क्यू-एलव्ही, चारही पोलवर पाहावं. ९५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर जागा उशिरा जागी होणारी आहे, आणि तिथूनच पेस करायचं असतं. थ्रेशोल्ड (ठोका पाडायला लागणारा कमीत कमी व्होल्टेज) खूप जास्त येत असेल तर खाली जुन्या अटॅकचा व्रण असू शकतो. तिथे पेसिंगचा फायदा होत नाही. मग १० व्होल्टवर पेस करून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगावा आणि डाव्या बरगड्यांखाली हात ठेवावा. पोट उडालं तर फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस) पकडली जात आहे. आधी पोलची जोडी बदलून बघावी, मग लीड हृदयाच्या पायाकडे ओढावी. रुग्ण घरी गेल्यावर झोपेत कुशीवर वळला की उचकीसारखे झटके सुरू होतात, म्हणून हे पाच सेकंद वाचवू नयेत.

सर्वाधिक लीड निसटतात त्या शीथ कापताना. लीडमध्ये वायर किंवा स्टायलेट (ताठ बारीक तार) ठेवून, फ्लुरो (चालता एक्स-रे) चालू ठेवून कापावं: ब्लेडचा हात स्थिर, शीथ ओढणारा हात मागे. कर्णिकेत थोडी ढील ठेवावी. टाका लीडवर नाही, तिच्यावरच्या रबरी स्लीव्हवर बांधावा. नंतर थ्रेशोल्ड पुन्हा घ्यावा आणि फक्त डावं पेसिंग चालू करून १२ लीडचा ईसीजी काढावा. ईसीजीच्या लीड एकमध्ये लहर खाली आणि व्ही१ मध्ये वर यायला हवी.

दुसऱ्या दिवशी समोरून आणि बाजूने एक्स-रे काढावा. चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. हे सांगताना ठाण्याच्या गर्दीत लोकलची वरची कडी डाव्या हाताने धरू नका, असं नेमकं सांगावं. ‘काळजी घ्या’ म्हटलं की कोणाच्या लक्षात राहत नाही.

फॉलोअपला दोन्ही कप्प्यांचं पेसिंग ९८ टक्क्यांच्या वर असावं. एएफ (वरच्या कप्प्यांची अनियमित लय) किंवा वारंवार एक्टोपिक ठोके असतील तर मशीनचा आकडा फसवतो, कारण अर्धवट मिसळलेले ठोकेही ते पेसिंगमध्येच मोजतं. म्हणून प्रत्येक तपासणीला १२ लीडचा ईसीजी हवाच, आणि शंका असेल तर होल्टर (दिवसभराचा ईसीजी). ईसीजीच्या लीड एकमधली खाली जाणारी लहर नाहीशी झाली असेल, तर प्रोग्रॅमिंगला हात लावण्याआधी डाव्या लीडचा थ्रेशोल्ड तपासावा आणि एक्स-रे आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहावा.