व्हीओआर अप्रोच: सुईइतकंच क्यूएनएच सांभाळा

टाइप रेटिंगला (एका ठराविक विमानाच्या प्रशिक्षणाला) निघालेली आपली इंदूरची मुलं हमखास विचारतात, "ताई, व्हीओआर अप्रोच आता एफएमएसच उडवतं, मग सुईकडे बघायचं कशाला?"

अप्रोच म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, व्हीओआर म्हणजे जमिनीवरचं रेडिओ दिशादर्शक स्टेशन आणि सुई त्याचीच दिशा दाखवते; एफएमएस म्हणजे मार्ग आखणारा विमानातला संगणक. सुईचं उत्तर सोपं आहे. एफएमएस डेटाबेसमधली रेघ धरतं, पण अप्रोच आखलेला असतो व्हीओआरच्या रेडियलवर (स्टेशनपासून ठराविक दिशेला जाणाऱ्या रेघेवर). म्हणून स्टेशन ट्यून करा, आयडेंट (स्टेशनची मोर्समधली ओळख) ऐका, सुई समोर ठेवा. फायनलवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) ती पाच अंशांहून जास्त सरकली आणि जमीन दिसत नसेल, तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. एनडीबीवर (जुन्या, साध्या रेडिओ स्टेशनवर) तर जास्तच सावध राहा. जवळ विजा कडाडत असल्या की सुई तिकडेच ओढली जाते.

मला खरी काळजी वाटते ती उंचीची. आयएलएस या उतरवण्याच्या रेडिओ यंत्रणेचा ग्लाइड स्लोप, म्हणजे उताराची रेघ, जमिनीवरच्या अँटेनातून येतो. इथे उतार एफएमएस स्वतः मांडतं, तोही अल्टिमीटरच्या (हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या यंत्राच्या) भरवशावर. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 फुटांवर. तीन अंशांच्या उतारावर नॉटिकल मैलाला साधारण 300 फूट धरा. धावपट्टी पाच मैलांवर असताना अल्टिमीटरवर 3,350 च्या आसपास दिसायला हवं. (डीएमई या अंतरमापक यंत्राचं अंतर स्टेशनपासूनचं असतं, धावपट्टीच्या टोकापासूनचं नव्हे.) हे गणित तोंडपाठ हवंच. पण क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब) चुकलं असेल, तर चुकीच्या अल्टिमीटरवरही हेच गणित तंतोतंत जुळतं!

पावसाळ्यात इकडे दाब उतरलेला असतो. 998 हेक्टापास्कलऐवजी 1008 लावलं, की विमान दिसतं त्याहून सुमारे 280 फूट खाली असतं आणि पडद्यावर सगळं जागच्या जागी. मे 2022 मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉलला हेच घडलं. अप्रोच सॅटेलाइटवरचा होता, पण उतार असाच अल्टिमीटरवरचा. 1001 ऐवजी 1011 सांगितलं गेलं आणि ढगातून उतरणारं ए320 धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून अवघ्या 6 फुटांवर येऊन वर गेलं.

म्हणून मी मेटारमधलं (विमानतळाच्या हवामान अहवालातलं) क्यूएनएच आधीच लिहून ठेवते. कंट्रोलरने दिलेला आकडा त्याहून दोन-तीननं वेगळा आला, तरी पुन्हा विचारते. फायनलवर रेडिओ अल्टिमीटर (रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणारा) जिवंत झाला की तो मोठ्याने वाचते. खालच्या चढउतारामुळे तो थोडा मागेपुढे होतो, पण तीनशे फुटांचा फरक लपत नाही. सिम्युलेटरला गेलात की इन्स्ट्रक्टरना सांगून मुद्दाम दहा हेक्टापास्कल चुकवून एक अप्रोच करा, आणि 500 फुटांचा कॉलआउट (विमानाची बोलती सूचना) धावपट्टीपासून किती लांब येतो ते बघा.