दोन देशांच्या व्यापाराचे आकडे जुळत नाहीत तेव्हा

ब्राझीलने चीनला पाठवलेलं सोयाबीन आणि चीनमध्ये ब्राझीलहून आलेलं सोयाबीन, माल एकच. तरी दोन्ही देशांच्या सरकारी नोंदी पाहिल्या तर आकडे वेगळे निघतात. म्हणून लगेच कुणीतरी लबाडी केली असं धरू नये. फरकाची बहुतेक कारणं साधी असतात आणि ती एकेक करून वजा करता येतात. त्यासाठी डॉलरच्या रकान्याआधी वजनाचा रकाना बघायचा.

आकडे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावर मिळतात, पण शोध दोनदा घ्यावा लागतो: एकदा नोंदवणारा देश ब्राझील, भागीदार चीन, प्रवाह निर्यात, दुसऱ्यांदा नोंदवणारा चीन, भागीदार ब्राझील, प्रवाह आयात. वजन आणि मूल्य दोन्ही उतरवून घ्या. इथे देशांचे क्रमांक काही ठिकाणी नेहमीच्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) क्रमांकांपेक्षा वेगळे आहेत. भारत ३५६ नाही, ६९९ आहे. अमेरिका ८४० नाही, ८४२. आयएसओ क्रमांक असलेल्या दुसऱ्या तक्त्याशी जोडणी केली की अख्खा देशच गळतो, आणि गळला हे पटकन लक्षातही येत नाही.

एकूण व्यापाराची तुलना करून हाती काही लागत नाही. एचएस कोडचे, म्हणजे प्रत्येक मालाला दिलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे, पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात, तिथवर उतरा. त्यापुढचे अंक ज्या त्या देशाचे स्वतःचे, त्यांची तुलना करू नका. अनेक वर्षांची मालिका हवी असेल तर कोड मधे बदललाय का ते आधी तपासा, कारण ही यादी दर काही वर्षांनी सुधारली जाते. २०१२च्या आवृत्तीआधी सोयाबीनला १२०१०० हा एकच कोड होता. नंतर बियाण्यासाठी १२०११० आणि बाकीच्यासाठी १२०१९० असे दोन झाले. जुना कोड तसाच पुढे ओढला तर २०१२पासून सोयाबीनचा व्यापार बंद पडल्यासारखा दिसेल. अशा वेळी चार अंकी १२०१ वर काम भागतं.

आता मुख्य भाग. समजा निर्यातदार देश म्हणतो: ५० लाख टन, २०० कोटी डॉलर. आयातदार म्हणतो: ४९ लाख टन, २१३.१५ कोटी डॉलर. नुसत्या रकमा पाहिल्या तर फरक साडेसहा टक्क्यांचा वाटतो. टनाचा दर काढा: एकीकडे ४००, दुसरीकडे ४३५ डॉलर. म्हणजे दरात पावणेनऊ टक्के वाढ आणि वजनात दोन टक्के घट, असे उलट दिशेचे दोन फरक एकमेकांत मिसळले होते. दोघांची कारणं वेगळी, म्हणून त्यांचा शोधही वेगळा घ्यायचा.

दरातला फरक बहुतेक वेळा भाड्याचा आणि विम्याचा असतो. निर्यात साधारणपणे एफओबी किमतीने नोंदतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत. आयात सीआयएफने, म्हणजे त्यात प्रवासाचं भाडं आणि विमा धरून. ऑस्ट्रेलिया, कॅनडासारखे काही देश मात्र आयातही एफओबीने देतात, तेव्हा कोणाची पद्धत कोणती ते आधी पाहून घ्या. सगळ्या मालाला सरसकट एकच टक्का लावायची सवय वाईट. टनाला १०० डॉलर भावाच्या लोहखनिजावर २० डॉलर भाडं पडलं तर फरक २० टक्क्यांचा होतो. मोबाइल फोनवर तो जेमतेम जाणवतो. अंतर जितकं लांब आणि माल जितका स्वस्त व जड, तितका फरक मोठा.

वजनातल्या फरकात पहिला संशय तारखेवर घ्या. ब्राझीलहून चीनला जहाज पोचायला महिना-सव्वा महिना सहज लागतो, म्हणजे डिसेंबरात निघालेला माल पुढच्या वर्षाच्या आयातीत पडतो. मासिक आकडे काढून निर्यात एक महिना पुढे सरकवून पाहा, मग दोन महिने. फरक आटला तर प्रश्न मिटला. आर्थिक वर्षाचे आकडे कॅलेंडर वर्षाशी लावण्याची चूकही इथेच होते.

सरकवूनही फरक उरला तर तिसरा देश शोधा. आयात साधारणपणे मूळ देशाच्या नावावर नोंदतात, निर्यात मात्र निघताना माहीत असलेल्या शेवटच्या ठिकाणाच्या नावावर. त्यामुळे रॉटरडॅम, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणारा माल एकाच्या वहीत एका देशाच्या नावावर आणि दुसऱ्याच्या वहीत भलत्याच्या नावावर चढतो. चीन आणि अमेरिका यांच्या आकड्यांतली तफावत बरीचशी हाँगकाँगमुळे होती. अशा वेळी त्या मधल्या देशाला गेलेली निर्यात आणि तिथून झालेली फेरनिर्यात (बाहेरून आलेला माल तसाच पुढे पाठवणं) बाजूला मांडून पाहा. फेरनिर्यात मुख्य निर्यातीत पुन्हा मिळवू नका. ती आधीच त्यात धरलेली असते.

काही देश काही माल गोपनीय म्हणून एचएस यादीच्या ९९व्या प्रकरणात टाकतात किंवा भागीदाराचं नाव गाळतात. सहा अंकी कोडांची बेरीज एकूण आकड्याला गाठत नसेल तर हीच शक्यता आधी धरा. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हेही लक्षात ठेवा.

एवढं सगळं वजा करून वजन जुळलं, पण दर मात्र भाड्याने समजावता येणार नाही इतका वेगळा राहिला, तरच कमी किंवा जास्त किमतीच्या बिलांचा संशय घेण्यात अर्थ आहे. दोन्हींतला एकच आकडा वापरायचा असेल तर शक्यतो आयातीचा घ्या. आयातीवर शुल्क लागतं, म्हणून कस्टम्स ती बारकाईने तपासतं. निर्यातीवरच कर असेल तर हे गणित उलटतं.

व्यापारतूट काढताना दोन्ही बाजू एफओबीवर आणा. नाहीतर प्रत्येक देश आपली आयात भाड्यासकट मोजतो, निर्यात भाड्याविना, आणि एकमेकांशी जवळपास बरोबरीत असलेले दोन्ही देश आपणच तुटीत आहोत असं दाखवतात. आकडे उतरवल्याची तारीख तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण मागच्या वर्षांचे आकडेही नंतर सुधारले जातात.