बेसमेंटमध्ये पाणी शिरले आणि पंप बंद पडला, तर सोसायटीने काय करावे

पुणे, ठाणे किंवा नवी मुंबईतील अलीकडच्या अनेक मोठ्या गृहसंकुलांत वाहनतळ जमिनीखाली असतो आणि पाण्याची भूमिगत टाकी, अग्निशमनाचे पंप, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, कधी कधी विजेची मीटररूमसुद्धा त्याच मजल्यावर बसवलेली असते. या सगळ्याचे रक्षण कोपऱ्यातल्या एका खड्ड्यावर, म्हणजे संपवर, आणि त्यात बुडालेल्या एक-दोन पंपांवर अवलंबून असते. वर्षातले आठ महिने या पंपांना फारसे काम नसते आणि त्यामुळेच त्यांतला बिघाड पहिल्या मोठ्या पावसापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पुढील सूचना सोसायटीचे पदाधिकारी, रहिवासी आणि रात्रपाळीचा वॉचमन या सर्वांसाठी आहेत. त्यांचा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे, कारण घाईत माणसे आधी गाडीकडे किंवा पंपाकडे धावतात आणि विजेचा विचार सर्वांत शेवटी करतात.

पहिली पायरी: माणसे वर, वीज बंद

पाणी उतारावरून खाली येऊ लागल्याचे दिसताच वॉचमनने सर्वांना बाहेर काढून उताराचे तोंड आणि जिन्याचे दार अडवावे. गाडी काढण्यासाठीही कोणाला खाली जाऊ देऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील पोहांग शहरात हिन्नामनोर वादळाच्या पावसात गाड्या बाहेर काढण्यासाठी भूमिगत वाहनतळात उतरलेले सात रहिवासी पाण्यात अडकून मरण पावले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगर भागात एका शिकवणीच्या बेसमेंटमधील वाचनालयात पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी पाणी इतक्या वेगाने चढले की बाहेर पडायला उसंतच मिळाली नाही. दाराबाहेर ६० सेंटीमीटर पाणी साचले, की ९० सेंटीमीटर रुंदीच्या दारावर दीडशे किलोहून अधिक भार येतो; बाहेरच्या बाजूला उघडणारे असे दार आतून ढकलणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले नसते. आत कोणी अडकले असेल तर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा.

त्यानंतर वीज. मुख्य स्विच तळमजल्यावर कोरड्या जागी असेल, तर तो बंद करावा. तो बेसमेंटमध्ये असेल आणि तेथवर पाणी पोहोचले असेल, तर त्याला हात लावू नये; १९१२ या क्रमांकावर किंवा आपल्या भागातील वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगावे. एवढ्यावर काम संपत नाही. बाहेरची वीज जाताच जनरेटर आपोआप सुरू होण्याची सोय अनेक सोसायट्यांत असते, त्यामुळे वीज गेली असे समजून माणूस पाण्यात उतरतो आणि काही सेकंदांत तेच पाणी पुन्हा विजेच्या संपर्कात येते. म्हणून जनरेटरचे पॅनेल ‘ऑटो’वरून काढून बंद ठेवावे. ज्या रहिवाशांनी विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी स्वतःच्या मीटरवरून वाहनतळात जोडणी घेतली आहे, त्यांची लाइन बेसमेंटचा मुख्य स्विच पाडल्यावरही चालू राहते. त्या जोडण्या एकेक करून बंद कराव्यात. लिफ्ट मात्र मुख्य स्विच पाडण्यापूर्वीच वरच्या मजल्यावर नेऊन, ती रिकामी आहे हे पाहून, तेथेच बंद करावी, कारण तिच्या खड्ड्यात पाणी सर्वांत आधी भरते.

दुसरी पायरी: पाणी कोठून येते ते ओळखावे

हे काम उताराच्या माथ्यावर कोरड्यात उभे राहून आणि बॅटरीच्या उजेडात करता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते, हे लक्षात ठेवले तर अंदाज बांधणे सोपे जाते. शंभर चौरस मीटरच्या उघड्या उतारावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर खाली तासाला पाच हजार लिटर पाणी येते आणि ठीकठाक चालणारा साधा पंप ते सहज उपसतो. पण आठशे चौरस मीटरच्या गच्चीचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपचा सांधा बेसमेंटमध्ये निखळला, तर त्याच पावसात तासाला चाळीस हजार लिटर पाणी आत ओतले जाते. अशा वेळी दोष पंपाचा नसून प्लंबरने जोडायच्या पाइपचा असतो.

रस्त्यावरचे पाणी उताराच्या माथ्यावरील उंचवटा ओलांडून येत असेल, तर कोणताही पंप पुरा पडणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. तसा दिवस उजाडला नाही, तरी नाला तुंबणे किंवा मोठ्या भरतीमुळे समुद्राकडील निचरा थांबणे रस्ता पाण्याखाली जायला पुरेसे असते. तेव्हा आधी प्रवेशद्वारावर रेतीची पोती विटांसारखी सांधे मोडून रचावीत आणि त्यांच्या रस्त्याकडील बाजूला जाड प्लॅस्टिकचा कागद लावावा. उपशाचा विचार त्यानंतर करावा.

भिंतीच्या सांध्यांतून पाझरणारे पाणी स्वच्छ आणि संथ असते. त्याला त्या दिवशी तातडीचा उपाय नाही. पाण्याला घाण वास येत असेल, तर सांडपाणी प्रकल्पाची टाकी किंवा ड्रेनेजचे चेंबर उलटले आहे असे समजावे. अशा टाकीत किंवा चेंबरमध्ये सफाई कामगाराला संरक्षक साधनांशिवाय उतरवणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि आतला विषारी वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो. तेथे यंत्राने उपसा करणारी गाडीच बोलवावी.

तिसरी पायरी: पंप का चालत नाही ते पाहावे

पंपाचे पॅनेल कोरडे असेल आणि तेथवर कोरड्या वाटेने पोहोचता येत असेल, तरच ही पायरी हाती घ्यावी, आणि तीही परवानाधारक वायरमनकडून. रहिवाशांपैकी कोणी अभियंता असला, तरी त्याने फक्त पाहावे आणि विचारावे.

मोटर जळाली हा निष्कर्ष सगळे पहिल्यांदा काढतात, पण बहुतेक वेळा दोष अधिक किरकोळ असतो. पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वर आहे की कोणीतरी तो बंद ठेवला आहे, हे प्रथम पाहावे, आवाजाची तक्रार आल्यामुळे तो उन्हाळ्यात बंद केला गेला आणि तसाच राहिला, असे घडते. ‘मॅन्युअल’वर पंप चालतो पण ‘ऑटो’वर नाही, याचा अर्थ दोष फ्लोटमध्ये आहे. पाण्याबरोबर वर येऊन पंप सुरू करणारा हा तरंगता गोळा संपच्या भिंतीला किंवा दुसऱ्या केबलला अडकतो, नाहीतर त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बसते. तो बदलेपर्यंत पंप मॅन्युअलवर चालवता येतो, मात्र कोणीतरी जवळ थांबून पाणी तळाला जाण्यापूर्वी तो बंद केला पाहिजे, कारण या पंपांची मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते.

पंप नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, तेव्हा तीन शक्यता असतात. पावसात तीनपैकी एक फेज गेलेली असते, एक-फेजच्या पंपाचा कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) निकामी झालेला असतो किंवा इंपेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकात, चिंधी अडकलेली असते. तिन्ही बाबतींत तो चालू ठेवला तर मोटर खरोखरच जळते, म्हणून लगेच बंद करावा. मोटरवर जास्त भार आला की तिची वीज तोडणारा ओव्हरलोड रिले एकदा पडला तर कारण शोधून तो पुन्हा चढवावा. लागोपाठ पडत असेल, तर दाबून धरण्याचा किंवा बांधून ठेवण्याचा उद्योग करू नये. पाण्यातला केबलचा जोड ओला झाल्यामुळे गळती-संरक्षक स्विच पडत असेल, तर त्याला वळसा घालून पंप चालवणे म्हणजे संपूर्ण बेसमेंटमधील पाण्यात वीज सोडणे होय.

मोटर फिरते आणि पाणी मात्र बाहेर पडत नाही, हा प्रकार जास्त फसवा आहे. बाहेर जाणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद असू शकतो, एनआरव्ही म्हणजे पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो, किंवा वीज कंपनीने दुरुस्तीनंतर फेज उलटसुलट जोडल्यामुळे तीन-फेजची मोटर उलटी फिरत असते. अशा वेळी दोन फेजची अदलाबदल केली की ती मार्गी लागते. याउलट एनआरव्ही उघडाच राहिला, तर पंप थांबताच पाइपमधले पाणी संपमध्ये परत कोसळते आणि पंप दर दोन मिनिटांनी सुरू-बंद होत राहतो. या पाइपचे दुसरे टोक कोठे उघडते, हेही जाऊन पाहावे. ते रस्त्याकडेच्या गटारात खाली उघडत असेल आणि गटार तुडुंब भरले असेल, तर पंप गटाराशी झुंजत राहतो, आणि उपसलेले पाणी फाटकातून वळून पुन्हा उतारावर येते.

चौथी पायरी: उपसा करावा, पण बेताने

हजार चौरस मीटरच्या बेसमेंटमध्ये दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. तासाला वीस हजार लिटर उपसणारा भाड्याचा पंप लावला आणि आत येणारे पाणी थांबलेले असले, तरी पाच तास लागतात. एवढे गणित सभासदांना आधीच सांगितले तर दर अर्ध्या तासाला येणारे फोन कमी होतात. डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारा पंप तळमजल्यावर मोकळ्या हवेत ठेवून फक्त त्याची नळी खाली सोडावी. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद बेसमेंटमध्ये तो माणसाला मारतो.

पाणी फूट-दोन फूट असेल तर ते एकसलग उपसायला हरकत नाही. बेसमेंट छातीपर्यंत किंवा त्याहून जास्त भरलेले असेल आणि बाहेरची जमीन भिजून चिंब झालेली असेल, तर मात्र घाई घातक ठरते: आतले पाणी भिंतींना बाहेरच्या दाबाविरुद्ध आधार देत असते, आणि तो आधार एकदम काढला तर भिंत किंवा फरशी फाटू शकते. सुमारे फूटभर पाणी काढून पातळीवर खूण करावी, रात्रभर थांबावे, आणि पातळी पुन्हा चढली नाही तरच पुढचा उपसा करावा. अशा वेळी संरचना अभियंत्याला बोलावण्यात काटकसर करू नये.

पाचवी पायरी: पाणी ओसरल्यावर

गाळ उपसण्यापूर्वी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसह सर्व वाहनांची आणि पॅनेलांची छायाचित्रे घ्यावीत, कारण विमा कंपनीचा सर्वेक्षक तीच मागतो. बुडालेली गाडी ‘एकदा सुरू करून तर बघू’ म्हणून सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर ते आतून वाकते, आणि इंजिन संरक्षणाची वेगळी जोड नसलेल्या पॉलिसीत या नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही. ती ओढून न्यावी. विजेवर चालणारी गाडी चार्जिंगला न लावता इमारतीपासून व इतर वाहनांपासून दूर मोकळ्यावर ठेवावी, कारण भिजलेली बॅटरी काही दिवसांनंतरही पेट घेऊ शकते.

बुडालेली पॅनेले, मोटारी आणि केबल वाळवून वायरमनने मेगर (वीजरोधक आवरण शाबूत आहे का हे मोजणारे उपकरण) लावून तपासल्याखेरीज वीज जोडू नये, आणि लिफ्ट तिच्या कंपनीच्या तंत्रज्ञानेच सुरू करावी. भूमिगत टाकीच्या झाकणावरून पाणी गेले असेल, तर आतले सगळे पाणी टाकून द्यावे, टाकी घासून धुवावी, ती भरून दर हजार लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून वरचे निवळ त्यात मिसळावे, रात्रभर ठेवावे आणि तेही पाणी सोडून द्यावे. तोवर पिण्यासाठी टँकरचे पाणी उकळून वापरावे.

साफसफाई करणाऱ्यांना, मग ते रहिवासी असोत की कंत्राटी कामगार, गमबूट आणि हातमोजे द्यावेत. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अशा पाण्यात वावर झालेल्या प्रत्येकाने, विशेषतः पायाला जखम असल्यास, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी

मे महिन्यात संपमधला गाळ काढून घ्यावा आणि टँकरचे पाणी सोडून पंप स्वतःहून सुरू होतो का, हे ‘ऑटो’वर पाहावे. नुसते बटण दाबून मोटरचा आवाज ऐकणे म्हणजे चाचणी नव्हे. वार्षिक देखभालीच्या करारात मात्र सहसा तेवढेच केले जाते, म्हणून ही चाचणी सचिवाच्या समक्ष करण्याची अट करारातच घालावी. दोन पंप आहेत याचे समाधान फार मानू नये: ते एकाच पॅनेलवर आणि एकाच फ्लोटवर असतील, तर संकटाच्या वेळी तो एकच पंप ठरतो. दुसऱ्या पंपाला वेगळा फ्लोट, वेगळी लाइन आणि जनरेटरचा आधार द्यावा, पॅनेल तळमजल्यावर हलवावे आणि वॉचमनच्या खोलीत वाजणारा पातळीचा भोंगा बसवावा. उताराच्या माथ्यावर रस्त्यापेक्षा उंच उंचवटा आणि त्याच्या पायथ्याशी आडवी जाळीची गटार असावी. ती जाळी उचलून खालचा पालापाचोळा पावसाळ्यात दर आठवड्याला काढावा लागतो, आणि हे काम कोणाचे, ते वॉचमनच्या नोंदवहीत नावानिशी लिहून ठेवावे.