पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क आणि पॅड घरी कसे बदलावेत

घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, किंवा सिग्नलला थांबताना चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. आवाज असेल तर बहुधा पॅडवरची पत्र्याची पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासायला लागली आहे. पॅड संपत आल्याचं कळावं म्हणूनच ती बसवलेली असते. थरथर असेल तर डिस्क बघावी लागते. स्विफ्ट, वॅगन आर, आय१० यांसारख्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि हे पुढचं काम नीट हत्यारं व सवड असेल तर घरी होतं. मागेही डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल, तर मागच्या चाकांना घरी हात लावू नका.

नवे पार्ट बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. ब्रेक पुढची काही वर्षं चांगले लागतात ते हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना साफ केल्यामुळे, आणि घाईच्या कामात नेमकं तेच राहून जातं. घरी काम करण्याचा खरा फायदा मला तिथेच दिसतो.

आधी मोजा, मग खरेदी करा

पॅडवरचं अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की पॅड बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. मोजताना एक काळजी घ्या: डिस्कच्या काठावर न झिजलेली कड राहते, व्हर्नियर तिच्यावर टेकलं की माप जास्त येतं. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरा, एकूण जाडी मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. किमान मापाला टेकलेली डिस्क लेथवर मारून घेऊ नका, ती आणखी पातळ होते. डिस्क आणि पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे.

हत्यारांत जॅक, घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड), गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना), सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ब्रेक क्लीनर आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लागेल.

गाडी उचलणं

जागा सपाट आणि टणक हवी. उन्हात तापलेल्या डांबरावर जॅक रुततो, तिथे खाली जाड फळी घ्या. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलली की मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोडी लावा. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही, आणि विटांवर तर नाहीच. वीट वजनाखाली अचानक फुटते.

एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे कुठली क्लिप कशी बसते ते दुसऱ्या बाजूला पाहता येतं.

खोलणं

स्टिअरिंग वळवून कॅलिपरची मागची बाजू बाहेर आणा. कॅलिपरचे दोन बोल्ट काढा. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेचा आकडा करून सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. पॅड काढा आणि आवाजाची पट्टी कुठल्या पॅडवर, कुठल्या टोकाला होती ते लक्षात ठेवा. मग कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढा. ते घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना घ्या.

डिस्क हबला चिकटलेली असेल तर हातोडा मारण्याआधी तिच्या पुढच्या तोंडावर आट्यांची दोन छिद्रं आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांना ती असतात. त्यात योग्य मापाचे, बहुधा ८ मिलिमीटरचे, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की डिस्क आपसूक सुटते.

ब्रेकची काळी धूळ फुंकरीने किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

हब आणि पिना

इथे वेळ द्या. हब आणि डिस्क यांच्यात गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित वाकडी बसते, आणि तो फरक डिस्कच्या काठाशी वाढतो. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. पुढे वाकडी फिरणारी डिस्क एकाच जागी जास्त घासत राहते, तिची जाडी कमी-जास्त होते आणि मग स्टिअरिंग हलायला लागतं. दोष मात्र नव्या डिस्कला दिला जातो. कोकणात खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीला तर हे फार लवकर भोवतं. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने हबचं तोंड धातू दिसेपर्यंत घासा. प्रत्येक स्टडच्या (नट ज्यावर बसतो त्या हबवरच्या बोल्टच्या) बुडाशी गंजाची कडी उरते, तीही काढा.

पिना ब्रॅकेटमधून ओढून काढा, जुनं ग्रीस पुसा, नवं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं चाकाचं ग्रीस वापरू नका, त्याने रबर फुगतं. पिन बोटाने सहज आत-बाहेर सरकली पाहिजे.

जोडणी

नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं. दोन्ही बाजू क्लीनरने पुसून मगच बसवा आणि एक-दोन नटांनी धरून ठेवा. ब्रॅकेट लावा, नव्या क्लिपा आणि पॅड बसवा. ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करा, कॅलिपरमधल्या पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत दाबा. मधूनमधून डबा बघा, ऑइल वर येतं आणि सांडलं तर रंग खातं. पिस्टन आत जात नसेल किंवा त्याच्या रबराखाली ओल दिसली, तर काम थांबवून मेकॅनिकला बोलवा.

कॅलिपर पॅडवर बसवा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि चाक लावा. छोट्या गाड्यांच्या चाकांचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला येतात. ते समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे.

दोन्ही बाजू झाल्या की गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या काही दाबांत ते थेट तळाला जातं, तेव्हा हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकली तर ती थांबणार नाही. ऑइलची पातळी बघून डबा बंद करा.

मग मोकळ्या रस्त्यावर ५० ते ६० च्या वेगावरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा आणि मध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ द्या. थोडा वास येईल, तो येतोच. साधारण १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि फेरी मारून आल्यावर दोन्ही रिमांजवळ हात नेऊन बघा. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापत असेल तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अडकतो आहे. ते चाक पुन्हा खोला.