अ‍ॅड्रिनलच्या गाठीचं सीटी: कॉन्ट्रास्ट देण्याआधी आणि दिल्यावर

अ‍ॅड्रिनलच्या (किडनीवरच्या हॉर्मोन ग्रंथीच्या) गाठीचा पेशंट टेबलावर आला की मी आधी साधा स्कॅन घेते आणि त्याला तिथेच झोपवून ठेवून गाठीची घनता मोजते. गाठ एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० हाउन्सफिल्ड (सीटीवरचं घनतेचं एकक) किंवा त्याखाली असेल, तर ती चरबीयुक्त अ‍ॅडिनोमा (ग्रंथीची साधी गाठ), कॅन्सर नव्हे. हॉर्मोनच्या तपासण्या राहतात, पण सीटी तिथेच संपतं. अशा पेशंटला निव्वळ सवयीने कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) टोचलेला मला खपत नाही.

मोजायचं वर्तुळ गाठीच्या अर्ध्याहून जास्त भागावर ठेवा. कडेची चरबी, कॅल्शियम आणि मृत पेशींचा भाग त्यात येऊ देऊ नका.

आकडा १० च्या वर गेला, तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि आधीची अ‍ॅलर्जी पाहून इंजेक्शन द्या. दुसरा स्कॅन ६० ते ७५ सेकंदांनी, तिसरा १५ मिनिटांनी. बाहेर रांग असते, दहाव्या मिनिटालाच उरकावंसं वाटतं. थांबा. अ‍ॅडिनोमा कॉन्ट्रास्ट पटकन घेते आणि पटकन सोडते. दुसरीकडून पसरलेला कॅन्सर बहुधा धरून ठेवतो. पुढचे ६० आणि ४० टक्क्यांचे निकष १५ मिनिटांसाठीच आहेत.

समजा, साधा आकडा २४, दुसरा ९६, तिसरा ५०. म्हणजे ४६ ओसरले. कॉन्ट्रास्टने चढले होते ७२. ४६ भागिले ७२, सुमारे ६४ टक्के. ६० किंवा जास्त आलं, तर अ‍ॅडिनोमाची शक्यता मोठी. साधा स्कॅन झालाच नसेल, तर ४६ ला ९६ ने भागा: ४८ टक्के. इथे मर्यादा ४० ची.

पण या टक्केवारीवर डोळे मिटून विसंबू नका. फिओक्रोमोसायटोमाही (थोडक्यात फिओ, बीपी वाढवणारी हॉर्मोन सोडणारी गाठ) असाच वॉशआउट, म्हणजे कॉन्ट्रास्टचं ओसरणं, दाखवू शकतो, किडनीच्या कॅन्सरची मेटास्टॅसिसही (तिथून पसरलेली गाठ). दुसऱ्या स्कॅनमध्ये आकडा १२० च्या पुढे गेला की मला फिओचाच संशय येतो. म्हणून मेटानेफ्रिनचा (फिओ ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात असल्याशिवाय त्या गाठीत बायोप्सीची सुई घालू देऊ नका. फिओमध्ये कॉन्ट्रास्टने बीपी भडकेल ही जुनी भीती मात्र सोडा. शिरेतून दिलेला नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्ट चालतो, त्यासाठी अल्फा-ब्लॉकर (बीपी आवरणारं औषध) सुरू होईपर्यंत स्कॅन अडवू नका.

कॉन्ट्रास्टची गंभीर अ‍ॅलर्जी असेल, तर केमिकल शिफ्ट एमआरआय करा. त्यात गाठीतली चरबी गॅडोलिनियमशिवायच (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टशिवायच) कळते.