विमानात आधी कोणाला चढवतात, आणि आपण कधी उठायचं

विमानात जागा धरावी लागत नाही. सीट नंबर बोर्डिंग पासवर छापलेला असतो, खिडकीतून रुमाल टाकायची सोयही नाही अन् गरजही नाही. तरी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर गेट उघडायच्या कितीतरी आधी रांग लागलेली असते. ज्यांना खरंच पुढे सोडतात, ती गुडघेदुखीची आजी किंवा तान्हं लेकरू घेतलेली माय मात्र मागं बसून राहते. ‘आपल्याले कोन जाऊ देते पुढं?’ म्हणत.

कंपनीनुसार थोडा फरक पडतो, पण साधारण क्रम असा असतो. सगळ्यात आधी व्हीलचेअरवाले, चालायला मदत लागणारे, एकटं प्रवास करणारं मूल आणि लहान लेकरांची कुटुंबं. मग बिझनेस क्लास, कंपनीचे नेहमीचे वरच्या दर्जाचे प्रवासी आणि लवकर चढण्यासाठी जादा पैसे भरलेले. उरलेल्यांना झोन (म्हणजे बोर्डिंग पासवर छापलेला गट) किंवा ओळींच्या नंबरानुसार बोलावतात. गरोदर बाईने आणि वयस्कर माणसाने गेटवर विचारावं, बहुतेक वेळा सोडतात. मात्र एसटीत वय दाखवलं की सवलत मिळते, तसं इथे केसं पांढरी झाली म्हणून आपोआप पहिला नंबर लागेलच असं नाही. सांगावं लागतं.

व्हीलचेअरचं काम तिकीट काढतानाच उरकून टाका. एजंटकडून तिकीट काढलं असेल तर त्यालाच नोंद करायला लावा. निदान 48 तास आधी तरी कंपनीला कळलं पाहिजे. नोंदवताना दोन प्रश्न महत्त्वाचे: माणसाला पायऱ्या चढता येतात का, आणि दारापासून सीटपर्यंत चालता येतं का? हे नेमकं सांगा. जिना चढता येत नसेल तर खुर्चीसकट वर उचलणारी गाडी, म्हणजे अ‍ॅम्बुलिफ्ट लागते, आणि ती ऐनवेळी हाताशी असेलच असं नाही. चालता न येणाऱ्यांसाठी ही सेवा मोफत आहे. सोबत साधारण एकाच माणसाला आधी सोडतात. आजीच्या खुर्चीमागं आख्खं खटलं जात नाही. दोन वर्षांखालच्या लेकराचा जन्मदाखला जवळ ठेवा, वयाचा पुरावा मागतात.

बोर्डिंग पास हाती आला की तीन गोष्टी वाचा: गेट, झोन आणि बोर्डिंगची वेळ. उड्डाणाची वेळ वेगळी, तिच्यावर जाऊ नका. देशातल्या उड्डाणाचा चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या 60 मिनिटं आधी बंद करतात आणि गेट 20 ते 25 मिनिटं आधी. गडचिरोली-यवतमाळहून निघणाऱ्याने रस्त्यात टायर पंक्चर होईल हे धरूनच घर सोडावं. घोषणेवर विसंबू नका, पडद्यावर नजर ठेवा, गेट बदलतं.

गेटवर पोहोचल्यावर रांगेत उभं राहू नका. सरळ काउंटरवरच्या माणसाला सांगा, ‘आईला चालायला त्रास आहे, आधी सोडा.’ एवढं पुरतं. दुखण्याची सगळी कहाणी सांगायची गरज नाही.

धडधाकट माणसाला लवकर चढून काय मिळतं? डोक्यावरच्या कप्प्यात बॅगेला जागा, बस. ती भरली की उशिरा आलेल्यांच्या बॅगा खाली सामानात टाकायला घेतात. म्हणून औषधं, कागदपत्रं आणि पॉवर बँक हातातल्या छोट्या पिशवीत ठेवा; पॉवर बँक खालच्या सामानात चालतच नाही. हातात एवढीच पिशवी असेल तर निवांत शेवटी जा. विमानापर्यंत बसने न्यायचं असेल तर पुढे पळण्याला आणखीच अर्थ नाही: पहिला चढलेला बसच्या आत ढकलला जातो आणि दाराशी उभा असलेला शेवटचा माणूस आधी उतरतो.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली ती एटीआर विमानाने. 70 सीटचं, पंख्याचं हे लहान विमान. त्यात प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं. मोठ्या विमानाच्या हिशोबाने आजीसाठी पहिली ओळ घ्याल, तर तिला सगळं विमान चालत जावं लागेल. एटीआर असेल तर मागची सीट मागा. कप्पेही लहान असतात, फुगलेली बॅग वर बसत नाही.

आणि आधी चढवलेला व्हीलचेअरवाला उतरतो मात्र सगळ्यात शेवटी. पुढे मुंबई किंवा दिल्लीहून दुसरं विमान पकडायचं असेल तर दोन्हींमध्ये भरपूर वेळ ठेवूनच तिकीट काढा. घ्यायला येणाऱ्या पोरालाही हे सांगून ठेवा, नाहीतर सगळे बाहेर आले अन् माय दिसत नाही म्हणून तो फोनवर फोन लावत बसेल.